तळहाताखालचं इंजिन

गाडी चालताना ठीक असायची, उभी राहिली की थरथरायची. सिग्नलला थांबलं की स्टिअरिंगवरच्या तिच्या हातांना कोपरापर्यंत मुंग्या यायच्या, आरशातलं मागचं जग पाण्यात पडल्यासारखं हलायचं आणि एखाद्या वेळी इंजिन उचकी देऊन बंदच पडायचं. ती फिजिओथेरपिस्ट होती. दिवसाला सहा-सात घरं हिंडून लोकांचे आखडलेले गुडघे, खांदे हलते करायची. नवरा जहाजावर, चार महिने तरी परतायचा नव्हता. गॅरेजवाल्याने गाडी दोनदा ठेवून घेतली आणि दोनदा "आता लोण्यासारखी चालेल" म्हणत, होती तशीच परत दिली.

शेवटी एका शनिवारी दुपारी तिने स्वतःच बॉनेट उघडलं. गाडीसोबत आलेलं पुस्तक बॅटरीवर पसरून चारही स्पार्क प्लग बदलले. हवेचा फिल्टर झटकला तर चिमूटभर धूळ पडली. हवा आत जाते तिथली काजळी जुन्या बनियनने पुसून काढली. गाडी सुरू केली. थरथर जशीच्या तशी.

सासरे पायरीवर बसून बघत होते. तीस वर्षं ते कापडगिरणीत मागांचे फिटर होते आणि त्या खडखडाटात दोन्ही कान घालवून बसले होते. स्वतः नीट बोलायचे. समोरच्याचं ओठांवरून ओळखायचे.

"बाबा, मला काही जमेना," ती त्यांच्याकडे तोंड करून म्हणाली.

ते उठून आले, इंजिनच्या पंख्यापासून लांब, चाकावरच्या पत्र्यावर त्यांनी तळहात टेकला आणि डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे राहिले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. झाडाची सावली बॉनेटवरून सावकाश सरकत होती, तापलेल्या तेलाचा वास येत होता, आणि काचेवर थरथरणाऱ्या उन्हाकडे बघता बघता तिच्याही पापण्या जड झाल्या. बाबांना उभ्या उभ्याच डुलकी लागली की काय, असं तिला वाटलं.

"स्वप्नात मला अजून ऐकू येतं," ते डोळे न उघडता म्हणाले. "सगळे माग एकदम. त्यातला एखादा चुकला की मी झोपेतच उठून त्याच्याकडे चालायला लागतो. तुझ्या सासूने कितीदा दारातून परत आणलंय मला."

लग्नाला सात वर्षं झाली होती. हे ते कधी बोलले नव्हते. त्यांचे डोळे मिटलेले, म्हणजे तिने काही विचारलं असतं तरी त्यांच्यापर्यंत पोचलं नसतं.

"एकच प्लग चुकत असता तर ठेका लंगडला असता," मग ते म्हणाले. "इथे ठेकाच नाही. कधी धावते, कधी दमते. हिला धाप लागलीय. कुठूनतरी नको ती हवा आत जातेय."

धाप म्हटल्यावर तिला कळलं: एखादी नळी फाटली असणार, आणि पाणी पडलं की ती फट क्षणभर बुजेल. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली तिने आणली आणि एकेका रबरी नळीवर फवारा मारू लागली. बाबांचा तळहात पत्र्यावरच होता.

"थांब. तिथेच परत मार."

करंगळीएवढी नळी. पाणी पडलं की थरथर क्षणभर शांत व्हायची, लगेच परत सुरू. तिने इंजिन बंद करून नळी वळवली, तर खालच्या अंगाला, क्लिपच्या आडोशाला, नखाएवढी चीर होती.

स्पेअर पार्टचं दुकान चालत दहा मिनिटांवर. तेवढाच तुकडा घेऊन ती आली. नवी नळी काही केल्या जागेवर चढेना.

"माझे पेशंट निदान आई गं तरी म्हणतात," ती पुटपुटली. बाबांनी ओठ वाचले आणि खो खो हसले. मग त्यांनी क्लिप पकडीने दाबून धरली आणि नळी बसली.

ती आत बसली, किल्ली फिरवली. बाबांनी पत्र्यावर हात ठेवला.

"कर ना सुरू."

"सुरूच आहे, बाबा."

त्यांनी तिच्या ओठांकडे पाहिलं, वाकून फिरणारा पंखा पाहिला, आणि परत हात टेकला. त्यांच्या चेहऱ्यावर कुणीतरी गाढ झोपवल्यासारखी शांतता उतरली.

थोड्या वेळाने ते गाडीच्या दारापाशी आले. "मला चालवायचीय."

कान गेले त्या वर्षी त्यांनी आपणहून किल्ली मुलाच्या हातात दिली होती. मागचा हॉर्न ऐकू येत नाही, म्हणाले होते. तिने रिकाम्या गल्लीकडे पाहिलं.

"गल्लीतच. दुसऱ्या गिअरच्या वर नाही. मागून काही आलं तर मी तुमच्या गुडघ्यावर थाप मारेन, लगेच बाजूला घ्यायची."

"बरं, मास्तरीणबाई."

बॉनेट लावून ती शेजारी बसली, हँडब्रेक मुठीत धरून. गाडी निघाली. फाटकं, कुंड्या, वाळत घातलेल्या चादरी हलकेच मागे तरंगत गेल्या. वळणावर मागून सायकलची घंटी वाजली. तिने थाप मारली, त्यांनी शिस्तीत बाजू दिली. सायकलवाली बाई मान हलवून पुढे गेली.

तिसऱ्या फेरीला तिने हँडब्रेकवरची मूठ सोडली आणि काच खाली घेऊन हात बाहेर वाऱ्यात धरला.