थांबे वगळून

लक्ष्मणरावांनी गुडघ्यावरच्या आलेखाच्या कागदावर पट्टी धरली, चारच्या रेघेवर पेन्सिलीचं टोक टेकवलं आणि घड्याळ पाहिलं. चार वाजून बारा मिनिटं झाली होती. त्रिवेणी चारला यायला हवी होती.

"येईल हो मामा," शेजारी उभा असलेला त्यांचा जावई गौतम म्हणाला. "दहा-बारा मिनिटं म्हणजे काय!"

"आमच्या कंट्रोलमध्ये बारा मिनिटांचा जाब द्यावा लागायचा, गौतमराव."

बोलले थट्टेनं, पण आवाज थट्टेचा निघाला नाही.

शहराबाहेरच्या या तळ्याकाठी दोघं पहाटेपासून होते. लक्ष्मणरावांची एकोणचाळीस वर्षांची लेक त्रिवेणी आधी तळ्यात पोहली, मग एकशे ऐंशी किलोमीटर सायकल दामटली आणि आता पावणेदोनच्या सुमारापासून पळत होती. बेचाळीस किलोमीटर, म्हणजे तळ्याकाठच्या रस्त्याच्या चार फेऱ्या. एवढा उपद्व्याप माणसं हौसेनं करतात, वर पैसे भरून करतात, हे तिच्या आईला, जयवंताबाईंना, शेवटपर्यंत पटलं नव्हतं. 'मला नाही बघवायचं' म्हणून त्या अंबरपेठेत घरीच राहिल्या होत्या.

लक्ष्मणरावांना मात्र या वेडात आपलं काम सापडलं होतं. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात तीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट केली. कुठली गाडी कुठल्या स्टेशनात किती वाजता लागेल, याच्या रेघा ओढल्या. त्रिवेणीनं ऑक्टोबरात या शर्यतीची निम्मी आवृत्ती पुरी केली होती. पळण्याच्या याच रस्त्यावर दोन फेऱ्या. त्या वेळेवरून या वेळेचा अंदाज बांधायचा होता.

"नुसतं दुप्पट करून चालत नाही अप्पा," ती म्हणाली होती. "लोक दुपटीवर थोडं चढवतात. माणूस थकतो."

"चढवतो. तू मला फकस्त रनिंग टाइम दे. थांबे नक्को. थांब्यांचा हिशेब निराळा असतो."

रेल्वेत तसाच असतो. त्रिवेणी क्षणभर बापाकडे बघत राहिली होती. मग तिनं आपल्या घड्याळातला आकडा सांगितला, दोन तास आठ मिनिटं. लक्ष्मणरावांनी तो खुशीनं मांडला होता.

पहिली फेरी ठरल्या मिनिटाला, दोन पन्नासला पुरी झाली. तेव्हा त्यांनी आजूबाजूच्या दोन अनोळखी माणसांना हा कागद दाखवून घेतला होता. आता कुणाला दाखवायची इच्छा उरली नव्हती.

चार वीस. वळणावरून एकेक जण येत होता. प्रत्येक निळा टी-शर्ट दिसला की ते अर्धवट उठत आणि परत बसत. गौतमच्या फोनवर पहिल्या फेरीपुढे काही उमटत नव्हतं. पलीकडच्या काठाला रेंजच नव्हती.

"चचा, टेन्शन नक्को लेव," केळी कापून ठेवणारी बाई म्हणाली. "आती बेटी."

त्यांनी मान हलवली. त्यांचा धाकटा भाऊ शिवराज एक्केचाळिसाव्या वर्षी अफझलगंजच्या दुकानाचं शटर वर करता करता खाली बसला, तो उठलाच नाही. वडीलही असेच उभ्याउभ्या गेले होते. लेक हौसेनं धावते आहे, तिच्यापुढे असलं अभद्र कशाला, म्हणून त्यांनी कधी विषय काढला नाही. त्याऐवजी रेघा ओढत बसले. आता त्यांना स्वतःचीच चीड आली.

"गौतमराव, ऑक्टोबरचा निकाल असेल का तुमच्या फोनात? घड्याळाचा नको. आयोजकांनी लावलेला."

गौतमनं शोधून फोन पुढे केला. लक्ष्मणरावांनी चष्मा वर सरकवला, खाली घेतला, पुन्हा वाचलं. पळणे, दोन तास एकोणचाळीस. पहिली फेरी एक तास तीन. दुसरी एक तास छत्तीस.

"हे दोन आठ का नाहीत?"

"तिच्या घड्याळातलं ना? माणूस थांबला की ते घड्याळ आपोआप मोजणं थांबवतं मामा. पळू लागलं की पुन्हा चालू."

"मग एकतीस मिनिटं ती उभी होती?"

गौतमला ते ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तो पुण्यात होता. घरी आल्यावर गळ्यातलं पदक तेवढं त्यानं पाहिलं होतं.

थांबे नक्को, असं आपणच म्हणालो होतो. लक्ष्मणरावांना आठवलं. तीस वर्षांत त्यांनी एकही थांबा कारणाशिवाय कागदावर येऊ दिला नव्हता. सिग्नल, इंजिन, रुळावर आलेली म्हैस, काहीतरी लिहावंच लागे. पोटच्या पोरीला मात्र विचारलं नाही.

हात आपसूक चालला. चार वाजता यायची, त्यात एकतीस. त्यांनी चार एकतीसवर बारीक खूण केली आणि लगेच बोटानं पुसायला लागले. पेन्सिल फिसकटली, खूण गेली नाही. ती आधी येऊ दे, ते मनात म्हणत होते. आत्ता येऊ दे. नाहीतर तासानं येऊ दे, बूट फाटल्यासारखं काहीतरी हसण्यावारी न्यायचं कारण घेऊन. चार एकतीसला नको.

पंचवीस झाले. अठ्ठावीस. गौतम रस्त्यात जाऊन उभा राहिला.

"आली! मामा, आली बघा!"

त्याचा जीव भांड्यात पडला. तो टाळ्या वाजवत होता, केळीवाली बाईही वाजवत होती. लक्ष्मणरावांनी घड्याळ पाहिलं. चार एकतीस.

त्रिवेणी पळत आली, हसत आली. ओठ मात्र पांढुरके पडले होते. गौतम तिच्यासाठी बर्फ आणायला टेबलाकडे धावला.

"सॉरी अप्पा. तुमचा चार्ट बिघडवला."

"थांबा कुठं झाला?"

तिचं हसू गेलं.

"पलीकडच्या काठाला. पाण्याच्या टेबलापाशी."

"ऑक्टोबरातबी तिथंच?"

तिनं एकदा गौतमच्या पाठीकडे पाहिलं.

"कारण सांग, त्रिवेणी."

"छातीवर दाबल्यासारखं होतं. डावा हात जड पडतो. बसलं की जातं, अप्पा. काय की, मग बरी असते." ती भराभर बोलत होती. "दोनच फेऱ्या उरल्यात. वर्षभर केलंय मी हे. गौतमला सांगू नका ना."

लक्ष्मणरावांनी कागद बाजूला ठेवला. एकाहत्तर वर्षांचे गुडघे मोडून ते तिच्यासमोर डांबरावर बसले. तिच्या डाव्या घोट्यावर वेळ मोजणाऱ्या चिपचा पट्टा होता. तो निघाला की शर्यत तिथंच संपते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना पट्ट्याचं टोक सापडेना. ती आता पाय मागे घेईल, ओरडेल, निघून जाईल, असं त्यांना वाटत राहिलं.

त्रिवेणीनं तोल सांभाळायला त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाय थोडा पुढे केला.