एक घाव झेलला, दोन घातले

मित्रांनो, माझ्या उजव्या कडेला हा तपकिरी डाग दिसतो ना, तो रंग नाही. ते रक्त आहे, आणि ज्या डोक्यासाठी मला घेतले होते, त्या डोक्याचे ते नाही. मी सायकल चालवणाऱ्या एका बाईचे जुने, तडा गेलेले हेल्मेट आहे. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात एका घरात जिन्याखाली माझा मुक्काम आहे. माझी हकिगत फार मोठी नाही, पण ती मी पूर्ण सांगणार आहे. अर्धी सांगितलेली हकिगत घरात काय करते, ते मी पाहिले आहे.

माझा जन्म वाफेत झाला. साबुदाण्याएवढे पांढरे दाणे साच्यात भरले, त्यात कढत वाफ सोडली आणि ते फुगून एकमेकांना घट्ट चिकटले. वर पिवळ्या प्लास्टिकचे कवच चढले. मग आमच्या खेपेतली काही भावंडे निवडून त्यांना उंचावरून लोखंडावर आपटले. ती फुटली, म्हणून आम्ही पास झालो. तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण हेल्मेटने फुटायचेच असते. आघात स्वतःच्या अंगावर घेऊन आपण तुटायचे, म्हणजे आतले डोके शाबूत राहते. आणि हे काम आयुष्यात एकदाच करता येते.

मला वैभवीने घेतले. ती मूळची नागपूरची. लेस्टरच्या एका मोठ्या रुग्णालयात ती रुग्णांचे एक्स-रे काढते. घरात ती आणि तिची चौदा वर्षांची मुलगी सारा, दोघीच. पहिली दोन वर्षे मी फक्त घर ते रुग्णालय एवढाच रस्ता पाहिला. मग त्रेचाळिसाव्या वर्षी तिने वेल्सच्या किनाऱ्यावरच्या एका लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये नाव घातले. समुद्रात पावणेचार किलोमीटर पोहायचे, बाहेर येऊन एकशेऐंशी किलोमीटर सायकल चालवायची आणि उतरल्यावर बेचाळीस किलोमीटर पळायचे. सगळे एकाच दिवशी, सतरा तासांच्या आत.

तिला या वाटेला लावले तिच्या ओळखीच्या मुरलीधरकाकांनी. काकांनी कॉव्हेंट्रीत वीस वर्षे बस चालवली होती, आणि निवृत्त झाल्यावर ही शर्यत दोनदा पूर्ण केली होती.

"शरीराचं काही नसतं गं, ते येतं मागे मागे," ते म्हणायचे. "डोकं आधी तयार कर."

डोके तयार करणे म्हणजे काय, ते मी वर बसून सोसले. जानेवारीत गारांनी मला झोडपले. मार्चमधल्या वाऱ्याने आम्हाला दोनदा झुडपांत फेकले. एप्रिलमध्ये एका शिकारी पक्ष्याने, जवळ त्याचे घरटे होते म्हणून, मागून झडप घालून माझ्या कवचावर नख्यांचे तीन ओरखडे काढले. तळ्यात पोहण्याचा सराव असे तेव्हा मी काठावर टॉवेलवर पडून बघत असे. शंभर माणसे एकदम पाण्यात शिरत, एकमेकांच्या तोंडावर लाथा बसत. एकदा वैभवी ओठ फाटून बाहेर आली, रक्त थुंकली आणि पुन्हा पाण्यात गेली. या कशाचाच तिला राग येत नसे.

राग यायचा तो एका करड्या पिकअप गाडीचा.

लेस्टरच्या पूर्वेला टेकड्यांमध्ये अरुंद रस्ते आहेत. दर रविवारी सकाळी वैभवी आणि काका तिथे शंभर किलोमीटर सायकल चालवत. एका रविवारी ती गाडी मागून आली, कर्कश हॉर्न वाजला आणि गाडी हातभर अंतरावरून सुसाट गेली. पुढच्या रविवारी तिने आमच्या शेजारी वेग कमी केला आणि काचा धुण्याचे पाणी आमच्यावर उडवले. तिसऱ्या वेळी खिडकीतून कॉफीचा अर्धा भरलेला कप आला आणि माझ्यावर फुटला. गरम कॉफी वैभवीच्या मानेवरून पाठीत उतरली. गाडीतला माणूस पन्नाशीचा, लाल चेहऱ्याचा. तो काय ओरडला ते वाऱ्यात समजले नाही, पण शेवटचा शब्द 'होम' होता.

"पोलिसांना कळवू या," काका म्हणाले. "माझ्या हँडलवर कॅमेरा आहे."

"काय करणार आहेत ते? कॉफी सांडली म्हणून पकडतील का त्याला?" वैभवी म्हणाली. तिच्या कपाळाची शीर माझ्या आतल्या पट्टीखाली ताडताड उडत होती. त्यानंतर प्रत्येक रविवारी ती उडू लागली, गाडी आली नाही तरी.

शर्यतीला सोळा आठवडे उरले असताना, मे महिन्यात, तो रविवार आला. सकाळचे दहा वाजले होते, लख्ख ऊन होते. काका दोनशे मीटर मागे होते. एका छोट्या दगडी पुलापाशी मला मागून ओळखीचे इंजिन ऐकू आले. या वेळी हॉर्न वाजला नाही. गाडीचा आरसा वैभवीच्या कोपरावर आदळला, पुढचे चाक आडवे झाले, आणि पुलाचा कठडा माझ्याकडे धावून आला.

मित्रांनो, ज्यासाठी मी जन्मलो ते काम पापणी लवायच्या आत झाले. माझ्या डाव्या बाजूला मोठा आवाज झाला, आतले दाणे चिरडले, कवच चिरले. दगडाचा जोर मी माझ्यात मुरवला. वैभवीचे डोके माझ्या आत होते आणि ते शाबूत होते. त्या क्षणी माझ्याइतके समाधानी कुणी नसेल. मी तिथेच संपायला हवा होतो.

गाडी पुढे जाऊन थांबली. मग उलटी मागे आली. तो माणूस उतरला, चालत आला, आणि वैभवीवर वाकला.

"यू अलाइव्ह?" एवढेच त्याने विचारले.

तिचा डावा हात हलत नव्हता. उजव्या हाताने तिने मला डोक्यावरून ओरबाडून काढले आणि सगळा जोर लावून त्याच्या तोंडावर हाणले. फुटलेल्या कवचाची धार त्याच्या भुवईत घुसली. तो किंचाळला, गुडघ्यावर बसला. तिने मला पुन्हा उचलले आणि पुन्हा हाणले. त्याचे रक्त माझ्या कडेवरून तिच्या मनगटावर ओघळले. तिसऱ्यांदा हात वर गेला, तेवढ्यात सायकल टाकून धावत आलेल्या काकांनी तो धरला.

"वैभवी, सोड! मरेल तो! सोड ते!"

तो माणूस तोंड धरून धडपडत गाडीत चढला आणि निघून गेला.

रुग्णालयात तिनेच आपला एक्स-रे वाचला. गळ्याजवळच्या हाडाचे तीन तुकडे. डोक्याच्या तपासणीत काही निघाले नाही. तिच्या सहकारी मला हातात घेऊन एकमेकींना दाखवत होत्या. "याच्यामुळे वाचलीस," सगळ्या म्हणाल्या. आयुष्यातले सर्वांत मोठे कौतुक मला तेव्हा मिळाले, आणि माझ्या कडेवर दुसऱ्याचे रक्त वाळत होते. सगळ्यांना ते तिचेच वाटले.

पोलीस आले. एका गाडीने धडक दिली आणि ती पळून गेली, इतकेच तिने सांगितले. गाडीचा नंबर तिला आठवत नव्हता. तो काकांच्या कॅमेऱ्यात होता, आणि तिचे दोन घावही त्यातच होते. त्या माणसाने तक्रार केली नव्हती. केली असती, तर आपण तिथे होतो हे त्याला कबूल करावे लागले असते.

चार दिवसांनी काका घरी आले. स्वयंपाकघरात त्यांनी आवाज खाली आणला.

"व्हिडिओचं शेवटचं पाऊण मिनिट कापतो आणि बाकीचं पाठवतो. तो अडकेल, तू सुटशील. तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे, वैभवी. मारहाणीची नोंद झाली तर तुला पुन्हा पेशंटला हात लावू देतील का?"

"विचार करते, काका," ती म्हणाली.

साराने जिन्यातून सगळे ऐकले होते. तिला आईचा अभिमान वाटला. काका गेल्यावर तिने मला उचलले, डागावर बोट फिरवले. "आई, तू त्याला खरंच मारला? सो गुड!"

वैभवीने मला तिच्या हातातून काढून जिन्याखाली ठेवले. तिने तेव्हाच बोलायला हवे होते.

पुढच्या मंगळवारी शाळेतून फोन आला. वर्गातली एक मुलगी साराच्या डब्याला नाक मुरडून काहीतरी बोलली होती. साराने पाण्याची स्टीलची बाटली तिच्या तोंडावर मारली. त्या मुलीचे दोन दात तुटले, ओठाला पाच टाके पडले. साराला आठवडाभर शाळेत यायला बंदी झाली. गळ्यात हात अडकवलेली वैभवी तिला घरी घेऊन आली आणि दार लागताच ओरडली, "असं कसं मारलंस तू तिला? दात पाडलेस! डोळा गेला असता म्हणजे?"

"तिने आधी सुरू केला!" सारा रडत ओरडली. "तू पण मारलास ना! तुला सगळे ब्रेव्ह म्हणतात, आणि मी बॅड? तुझा व्हिडिओ कोणी बघणार नाही, म्हणून?"

जिन्याखालून मला वैभवीचा चेहरा दिसत होता. ती तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली.

"माझं चुकलं," वैभवी म्हणाली. "तो खाली वाकला होता, सारा. पहिल्यांदा मारलं ते भीतीनं, असं मी म्हणू शकते. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा तो गुडघ्यावर होता. तेव्हा मला भीती नव्हती. मला ते आवडलं होतं."

मग तिने काकांना फोन लावला. "काका, कापू नका. पूर्ण पाठवा." पलीकडून काका जोरजोरात काहीतरी समजावत होते. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठीच म्हणताय, कळतंय मला. पण पूर्णच पाठवा."

दुसऱ्या दिवशी तिने मला पिशवीत घातले आणि स्वतः पोलिसांकडे नेले. हा डाग कुणाचा आहे ते सांगितले. तिला अधिकृत ताकीद मिळाली आणि तिची नोंद झाली. तिने ते रुग्णालयाला कळवले, आणि एक्स-रे काढणाऱ्यांची व्यावसायिक नोंदणी ठेवणाऱ्या परिषदेलाही. चार महिने नोकरी राहील की जाईल, हे कुणालाच माहीत नव्हते. शेवटी पुढे कारवाई नाही असे पत्र आले. तोपर्यंत ती शर्यत होऊन गेली होती.

मला हे सगळे नंतर कळले, कारण माझ्यावर चिठ्ठी लावून मला कागदी पिशवीत बंद केले होते. पोलिसांच्या पुराव्यांच्या खोलीत एका फळीवर चाकू, हातोडे आणि फुटलेल्या बाटल्या यांच्या रांगेत मी दहा महिने काढले. तिथे मला कुणी पुसले नाही, कुणी उचलले नाही. शेजारच्या प्रत्येक वस्तूने कुणाला ना कुणाला जखमी केले होते. मी त्यांच्यापेक्षा वेगळा आहे असे म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हते.

मग एका मार्चमध्ये मला न्यायालयात नेले. सगळा व्हिडिओ दाखवला गेला. त्या माणसाने गुन्हा कबूल केला. पण त्याच्या वकिलाने सांगितले की तो मदत करायलाच परत आला होता. मित्रांनो, पुलापाशी त्या क्षणी मी त्या दोघांच्या मधोमध होतो. तो 'यू अलाइव्ह' मी अगदी जवळून ऐकला. त्यात काळजी होती की कुत्सितपणा, मला आजही सांगता येत नाही. ते समजून घ्यायला कुणी वेळच दिला नाही. त्याला निलंबित कैद झाली, म्हणजे पुन्हा गुन्हा केला तरच तुरुंग, आणि तीन वर्षे गाडी चालवायला बंदी.

मला परत घेऊन वैभवी बाहेर पडत होती, तेव्हा तो व्हरांड्यातल्या बाकावर एकटाच बसला होता. त्याची भुवई मधोमध तुटून वाकडी जुळली होती. ती त्याच्यासमोर थांबली.

"मी तुम्हाला मारलं, त्याबद्दल सॉरी," ती इंग्रजीत म्हणाली. "तुम्ही गाडी घातलीत, त्याला मी माफ केलेलं नाही."

त्याने वर पाहिले नाही. "मी परत आलो होतो," तो म्हणाला.

"हो. आला होतात."

एवढेच. ती चालू लागली.

त्या उन्हाळ्यात तिने सगळी तयारी पुन्हा पहिल्यापासून केली, नवे निळे हेल्मेट घालून. सप्टेंबरमध्ये वेल्सला गेली. मी घरीच होतो. दोन दिवसांनी दार उघडले तेव्हा वैभवीला पायरी चढवत नव्हती. काका तिला एका बाजूने धरून होते, आणि सारा फोनवर मैत्रिणीला सांगत होती: समुद्रात कुणाची तरी टाच आईच्या पोहण्याच्या चष्म्यावर बसली, एक डोळा सुजून बंद झाला, तरी ती एका डोळ्याने सायकल चालवत राहिली, सोळा तास एकवीस मिनिटे लागली. "शेवटी ती सगळ्यांना सॉरी, थँक यू, सॉरी, थँक यू म्हणत पळत होती," सारा हसून सांगत होती. फोनच्या पलीकडे दोन खोटे दात बसवलेली तीच मुलगी होती. तिच्याशी पुन्हा मैत्री व्हायला साराला चार पत्रे लिहावी लागली होती आणि अख्खे एक वर्ष लागले होते.

आज सकाळी साराने मला बाहेर काढले. तिला मी शर्यतीच्या पदकाशेजारी भिंतीवर हवा होतो.

"नको," वैभवी म्हणाली. "यानं मला वाचवलं, ते माझ्या लक्षात राहील. पण याच्याकडे बघून मला स्वतःचं कौतुक वाटायला लागेल. ते नको." तिने कात्री आणली. तडा गेलेले हेल्मेट टाकताना त्याचे पट्टे कापायचे असतात, म्हणजे चुकून दुसरे कुणी ते घालत नाही. साराने एक पट्टा कापला, वैभवीने दुसरा. मला दुखले नाही.

मित्रांनो, थोड्या वेळाने मी कौन्सिलच्या कचऱ्याच्या डब्यात जाईन. जाताना तुमच्याकडे माझे मागणे आहे. सायकलवर बसताना आमच्यापैकी एकाला डोक्यावर घ्या आणि हनुवटीखाली नीट अडकवा. आमचे अंग एकदा चिरडले की आम्हाला जपून ठेवू नका. आणि पडल्यावर कुणी तुमच्याकडे चालत येत असेल, तर त्याला दोन पावले जवळ येऊ द्या, त्याचे बोलणे पूर्ण होऊ द्या. कदाचित तो वाईटच असेल. पण हातात काही उचलण्याआधी एकदा त्याचा चेहरा नीट पाहा. मला त्या दिवशी तो नीट पाहता आला नाही. त्याचा चेहरा मला दिसला तो थेट रक्ताखाली.