हळदीच्या दिवशी उघडलेला खेळ

माझ्या लग्नाची तारीख एकदा ठरली ती हलली नाही. खेळाची मात्र दोनदा हलली. आधी फेब्रुवारी म्हणाले, मग मार्च, मग एप्रिलचा शेवट. लग्न मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होतं आणि या दोघांतलं आधी काय येतंय, या काळजीनं माझी झोप उडाली होती. आईला वाटायचं, पोरगी सासरच्या धास्तीनं वाळत चाललीय. ती मला बळेबळे तूप-गूळ खाऊ घालायची.

साल नव्व्याण्णव. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ नुकतंच एक सायबर कॅफे निघालं होतं. मी कोरेगावहून एसटीनं रोज साताऱ्याला कॉम्प्युटर क्लासला जायची. तिथं शिकवणारी नीलिमा माझ्याहून वर्षभरानंच मोठी, त्यामुळे 'मॅडम' म्हणायचं पहिल्या आठवड्यातच बंद पडलं. क्लासला येणाऱ्या एका मासिकात त्या खेळावर दोन पानं आली होती. नाव 'सेव्हन गेट्स'. इंटरनेटवरून जगभरची माणसं एकाच वेळी एका राज्यात शिरणार. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, तिरंदाज, लोहार, वैदू, हवं ते, आणि त्या रूपात हिंडायचं, लढायचं, एकमेकांशी बोलायचं. असले खेळ आधीही होते, पण त्यांना महिन्याच्या महिन्याला डॉलरमध्ये वर्गणी, तीही क्रेडिट कार्डावर. क्रेडिट कार्ड आम्ही दोघींनी फक्त जाहिरातीत पाहिलेलं. या खेळाला वर्गणी नव्हती. मासिकाबरोबर आलेली सीडी घालायची, नाव नोंदवायचं आणि आत शिरायचं.

नीलिमानं ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली. तिला माहीत होतं मी ती पुन्हा का वाचायला लावतेय. सासरी वर्गणी भरायची म्हणजे दर महिन्याला पैसे मागायचे, आणि दर महिन्याला पैसे मागायचे म्हणजे दर महिन्याला कारण सांगायचं. फुकट गोष्टीला कुणी कारण विचारत नाही.

माझं सासर तासगावचं, बेदाण्याचे व्यापारी. बघायला आले तेव्हा उदयसिंह मान खाली घालून पोहे खात होते आणि अख्ख्या कार्यक्रमात एकच वाक्य बोलले, "आमच्या हापिसात कॉम्प्युटर हाय. इंटरनेट बी घेतलंय." मी आत जाऊन आईला सांगितलं, मला स्थळ पसंत आहे. तिनं देवापुढं साखर ठेवली. खरं कारण फक्त नीलिमाला ठाऊक होतं. दर रविवारी दुपारी ती साताऱ्यातून येणार, मी तासगावातून, आणि खेळातल्या पहिल्या दरवाजाशी आम्ही भेटणार. लग्नानंतर मैत्रिणी कशा सुटतात ते मी थोरल्या चुलत बहिणींचं पाहिलं होतं. दोन वर्षं दिवाळीचं कार्ड, मग तेही बंद.

इथवर सगळं ठीक होतं. सुपारी फुटली त्या दिवशी मात्र बिघडलं.

सासरकडच्या थोरल्या काकी, बनुबाई, मोठ्या मानाच्या. उदयसिंहांना लहानपणापासून त्यांनीच वाढवलेलं. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड वर केलं, नीट न्याहाळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नाव राजलक्ष्मी ठिवायचं. ठरलंय माझं."

आमच्यात नवी नवरी घरात आली की परातीत तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहितो, पेढे वाटतात, आणि त्या क्षणापासून तिला जुन्या नावानं हाक मारणारं सासरी कुणी उरत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण दुसऱ्याच्या दाढेची कळ आपल्याला कुठं कळते. बावीस वर्षं मी रेश्मा होते. आता एका परातीत मी संपणार, आणि वर लोक पेढे खाणार!

"आमच्यात बुद्धवंदना झाली, हार घातले की लग्न झालं," नीलिमा म्हणाली. "तांदळात कोणी काय लिहीत न्हाई. तू न्हाई म्हणून सांग की."

"तू सांग थोरल्या काकींना."

"मला बाई भ्या वाटतंय."

मग मीच युक्ती काढली. खेळाचा नियम असा होता, की जगात एक नाव एकालाच, आणि एकदा घेतलेलं नाव पुन्हा बदलता येणार नाही. ती ओळ मी बोट ठेवून पुन्हा वाचली. कधीच बदलता येणार नाही! म्हणजे तिथं एकदा रेश्मा झाले की काकी येवोत, नाहीतर काकींचा काका येवो. फक्त घाई करायला हवी होती. जगात रेश्मा काय मी एकटीच होते? पहिल्या दिवशी, पहिल्या तासात ते नाव धरायला हवं होतं.

आणि खेळ काही उघडेना. कॅफेत जाऊन आम्ही त्यांचं पान उघडायचो. ते वरून खाली इंचाइंचानं उतरायचं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता दिसेल 'सुरू', आणि दिसायचं, 'क्षमस्व, तयारी बाकी आहे'. इतकं क्षमस्व मला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. घरी रुखवताचे चिवडे-लाडू चालले होते, मी लाडू वळता वळता मनात अमेरिकेतल्या माणसांना शिव्या घालत होते. आमचे दादा, म्हणजे वडील, मिल्ट्रीतून रिटायर झालेले, वेळेचे पक्के. ते म्हणाले, "पत्रिका वाटल्यात, आता काय त्वांड पाडून बसलीस?" मी काय सांगणार?

शेवटी तारीख आली. माझ्या हळदीचा दिवस!

हळद लागल्यावर नवरीनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, म्हणजे सातारा सोडाच, कोपऱ्यावरच्या दुकानातही नाही. मी नीलिमाला फोन करून सगळं बजावलं. पात्र तिरंदाजाचं घे. आणि नाव रेश्मा. दुसऱ्या कुणी घेतलं नसलं तर तेच. आधी तेच टाक, मग बाकीचं.

"व्हय गं, किती वेळा सांगशील," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "रेश्मा, पण तासगावचा कॉम्प्युटर बाहेरच्या हापिसात हाय ना? सगळ्यांच्या देखत?"

"असू दे. तू नाव धर."

दुपारी मला पाटावर बसवलं. बायका गाणी म्हणत होत्या, कुणी कानामागं हळद चोळत होतं, आणि माझे कान फोनकडं. फोन वाजला की मी दचकायची. एकदा मंडपवाला, एकदा केटरर, एकदा चुकीचा नंबर. त्या चुकीच्या नंबरवाल्याला मामीनं लग्नाचं निमंत्रणही देऊन टाकलं. माझ्या डोळ्यांपुढं नुसत्या रेश्मा उभ्या होत्या, लाहोरच्या, लंडनच्या, सोलापूरच्या, सगळ्या रांगेत माझ्या पुढं. बायका म्हणाल्या, बघा कशी थरथरतीय पोर.

दिवेलागणीला नीलिमाचा फोन आला. "काम झालं," एवढंच म्हणाली. लाईन खरखरली आणि कटली.

मला रडू फुटलं. मामीला वाटलं माहेर सुटतंय म्हणून, तिनंही गळा काढला. मला मात्र हलकं वाटत होतं. आता परातीत काय लिहायचं ते लिहा.

मला सख्खी बहीण नाही, म्हणून पाठराखीण म्हणून नीलिमाच आली. आई जरा कुरकुरली, लोक काय म्हणतील. दादा म्हणाले, "माझ्या पोरीला कोन पाहिजे ते तिला इचार." लग्न लागलं, वरात तासगावला पोचली, माप ओलांडलं. वाटेत नीलिमा गप्प गप्प होती. मला वाटलं, थकली असेल.

परात आली. थोरल्या काकी अगदी पुढं बसल्या, पदर सावरून, एखाद्या परीक्षेच्या निकालाला बसावं तशा. उदयसिंहांनी अंगठी हातात घेतली. पहिलं अक्षर काढलं, र. दोन्ही नावांत तेच, त्यात काही कळण्यासारखं नव्हतं. मी निवांत होते. मग त्यांनी वर मात्रा ओढली आणि पुढं संथपणे, दुकानाच्या पाटीवर लिहावं तसं नाव पुरं केलं. रेश्मा.

काकी म्हणाल्या, "आरं, हे काय ल्हिलंस?"

"काकी, दाखलं, मार्कलिस्टं, सगळं ह्याच नावावर हाय," ते खाली बघूनच म्हणाले. "गॅझेटला नाव द्या, कचेऱ्यांत हेलपाटं घाला. सीझनात कोन करनार? ऱ्हाऊ दे हाय तेच."

यापेक्षा रूक्ष प्रेमाचं बोलणं मी ऐकलेलं नाही, आणि यापेक्षा गोडही. मी आनंदानं वळून नीलिमाकडं पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

खोलीत दोघीच उरलो तेव्हा ती माझा हात धरून म्हणाली, "मी तिथं राजलक्ष्मी टाकलंय."

"काय?"

"रेश्मा मोकळंच हुतं. पण मला वाटलं, हितं सगळी तुला राजलक्ष्मी म्हणणार. बाहेरच्या हापिसात पडद्यावर रेश्मा दिसली तर विचारतील, ही कोण, आणि खेळच बंद पाडतील. मग आपण भेटायचं कुठं? म्हणून... तुझ्यासाठीच केलं गं."

मला तिचा इतका राग आला की मी पाठ फिरवली. सगळ्या तासगावात मी रेश्मा, आणि जिथं माझी मी होणार होते तिथं जन्मभर राजलक्ष्मी! पाठीमागं ती रडत होती. मग मीही रडले, आणि रडता रडता आम्ही दोघी हसायला लागलो, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी मला थोरल्या काकींच्या पाया पडायला पाठवलं. नीलिमा बरोबर होती. काकी आतल्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या, पेढा तसाच हातात.

"रागावलाय व्हय काकी?"

"तुझ्यावर कशाला रागवू." त्यांनी पेढा बशीत ठेवला. "माझं नाव हुतं ते. म्हायेरचं. हितं आले तवा सासूचं नाव लक्ष्मी निघालं. सासूच्या नावानं सुनेला कशी हाक मारायची? मग परातीत बनू ल्हिलं. त्याच्यामागनं कुनी हाक मारली न्हाई. आई-बाप गेलं, भाऊ गेला. म्हटलं, तुझ्या निमतानं तरी घरात कानावर पडंल."

तीन महिने मी त्या नावाला शिव्या घातल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पूजा आटपली, पुरुषमंडळी बाजाराला गेली, तेव्हा मी काकींना हाताला धरून हापिसात नेलं. नवी नवरी हापिसात जाऊन बसली म्हणून एक नणंद डोळे मोठे करून बघत राहिली. बघू दे. नीलिमानं बरोबर आणलेली सीडी घातली, फोनची लाईन किरकिरली, बराच वेळ काहीच झालं नाही, आणि मग पडद्यावर हळूहळू एक दगडी दरवाजा आला. आजूबाजूला माणसंच माणसं. त्यांतल्या एकीच्या डोक्यावर रेश्मा लिहिलेलं होतं. कुणीतरी घेतलंच होतं नाव. आत कळ आली. ती बाई माझ्या समोरून चालत निघून गेली.

मधोमध, पाठीला धनुष्य लावून, आमची तिरंदाज उभी होती.

काकींनी चष्मा पुसला. "कोन म्हनायची ही?"

नीलिमानं पडद्यावरचं नाव वाचलं, "राजलक्ष्मी."

काकी पडद्याच्या अगदी जवळ सरकल्या.

"परत म्हन," त्या म्हणाल्या.

नीलिमानं परत म्हटलं.