उजवा आंगठा

माझी बायको चांगुणा नऊ तारखेला गेली आणि तिचे आंगठे तीस तारखेपर्यंत रजिस्टरात होते. ते कुणी उमटवले, हे विचारायला जिल्ह्याहून आलेल्या दत्तराव साहेबांनी मला ताडकळसहून दवाखान्यात बोलावून घेतलं. उत्तर चुकलं असतं तर अर्पिता मॅडमची कंत्राटी नोकरी गेली असती.

साहेब मुळात दवाखान्यातला कागद कमी करायला आले होते. त्यासाठी त्यांनी सात पानांचा फॉर्म आणला होता. तो मॅडम भरत होत्या. बाहेर बाकावर लकव्याचे अकरा पेशंट बसून होते.

लकव्यानं चांगुणाची उजवी बाजू गेली होती. मॅडम तिचा व्यायाम करून घ्यायच्या. पेशंटला अर्धा तास मिळायचा, त्यातली वीस मिनिटं लिहिण्यात जायची. तीन रजिस्टरं, वर कॉम्प्युटर. प्रत्येक रजिस्टरात पेशंटचा आंगठा, आणि बायांचा उजवाच, असा नियम. चांगुणाची उजवी मूठ आवळलेलीच असायची. मी एकेक बोट उकलायचो, मॅडम शाई लावायच्या, दाबायच्या, पुसायच्या. डावा चालेल का, असं त्यांनी वर लेखी विचारलं. अर्ज ठरलेल्या नमुन्यात नाही, असं उत्तर आलं.

"मामा, हात उघडायलाय तो निस्ता शाईसाठी," मॅडम एकदा म्हणाल्या.

पुढच्या एक तारखेला मी म्हणालो, महिन्याचे आंगठे आजच घेऊन टाका. त्या नको म्हणत राहिल्या. मी बायकोचा हात धरून तिन्ही रजिस्टरं खालपर्यंत भरली. त्या दिवशी व्यायाम झाला नाही. दुसऱ्या दिवसापासून अख्खा अर्धा तास हाताला मिळाला. लिहिणं मॅडम सुट्टी झाल्यावर करायच्या.

आठ तारखेला चांगुणाने त्या हाताने पदराचं टोक धरलं. धरून सोडलंही. एसटीत मला म्हणाली, "तुमच्या हातच्या जाड भाकरी आता महिनाभरच खाईन."

दुसऱ्या दिवशी तिला दुसरा झटका आला. दवाखान्यात कळवायचं मला सुचलं नाही. मॅडमला उशिरा कळलं, पण रजिस्टरात खाडाखोड केली की खुलासा लिहावा लागतो, म्हणून आंगठे तसेच राहिले. महिन्याच्या अहवालात सगळ्यात चांगली हजेरी चांगुणाची निघाली.

मी साहेबांना सांगितलं, आंगठे मी दाबले, मॅडम नको म्हणत होत्या. नियम मोडून काय मिळालं, असं त्यांनी विचारलं.

"तिची मूठ उघडली, साहेब. तुमच्या रजिस्टरात त्याला रकाना न्हाई."

साहेबांनी हे लेखी मागितलं, तीन प्रतींत. मी लिहून दिलं. त्यांनी वाचलं नाही. समास सोडलाय का, तेवढं पाहिलं. सही पुरत नव्हती, म्हणून माझाही आंगठा घेतला. पुरुषाचा डावा.

मॅडमला लेखी समज देऊन नोकरीवर ठेवलं. आता दवाखान्यात चौथं रजिस्टर आहे. आंगठा त्याच दिवशी घेतला, असं त्यात लिहायचं आणि खाली आंगठा घ्यायचा.

मी दर मंगळवारी जातो. पेशंटची बोटं मी उकलतो, शाई मी लावतो, पुसतोही मीच. तेवढ्या वेळात मॅडम त्याचा पाय हलवून घेतात.