गॅरेजमधली दहा मिनिटं

शोभनानं किल्ली अर्धी मागे फिरवली. इंजिन थांबलं, गाणं चालू राहिलं. पाठीमागे गॅरेजचं दार घरघरत खाली आलं आणि नेपरव्हिल गावातला बर्फ बाहेर राहिला.

सीडी तिनं लायब्ररीच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीतून उचलली होती. पन्नास वर्षांपूर्वीची अमेरिकन कंट्री गाणी, सगळी बायकांची. एक बाई नवऱ्याच्या शर्टांना इस्त्री करता करता त्याच्याशी मनातल्या मनात भांडते. चौथ्या गाण्यातली बाई बॅग भरून बस स्टॉपवर जाते आणि बस समोरून जाऊ देऊन परत येते. गाणारीचा आवाज रडका नव्हता. भांडी विसळता विसळता सांगावं, तसं ती सांगत होती.

तिचा नवरा गुरुनाथ रिटायर झाल्यापासून घरात एकही खोली रिकामी नव्हती. माणूस वाईट नव्हता. उलट मदतीला यायचा. ती कणीक मळायला बसली की पाणी मोजून द्यायचा. ती फोनवर कुणाचं नाव विसरली की शेजारून पुरवायचा.

घराकडचं दार उघडलं.

"अगं, बरं वाटत नाहीये का तुला? गाडी आल्याचं केव्हाच ऐकलं मी."

"काही नाही. गाणं संपू दे म्हटलं."

"इथे? या गारठ्यात? रोज अशीच बसतेस की काय?"

तो वळसा घालून आला, शेजारच्या सीटवर बसला आणि गाणं संपेपर्यंत मान डोलावत राहिला. मग दूध आणि भाज्यांच्या पिशव्या त्यानंच आत नेल्या.

शुक्रवारी ती कोथिंबीर आणायला निघाली. कोट चढवून गाडीत बसली, प्लेअरचं बटण दाबलं. सीडी नव्हती. तेवढ्यात घरातून तोच आवाज आला.

स्वयंपाकघरात छोटे स्पीकर लावलेले होते. टेबलावर गाण्यांचे शब्द छापलेले कागद होते. अवघड शब्दांखाली रेघा, समासात मराठीत अर्थ.

"सावनीला ॲन आर्बरला फोन केला, लेकीनं सगळं सेट करून दिलं," गुरुनाथ म्हणाला. "सकाळी तू आंघोळीला गेलीस ना, तेव्हा सीडी काढून आणली. आता गाडीत कुडकुडायला नको. दोघं मिळून ऐकू."

"हो का."

"ही चौथ्यातली बाई मात्र मला पटली नाही हं. बॅग भरली होती, बस आली होती. मग परत कशाला आली?"

शोभना कागदाकडे बघत राहिली. त्याचं अक्षर सुरेख होतं, पहिल्यापासूनच.

"तुझं आवडतं कुठलं यातलं?"

"सगळी सारखीच वाटतात हो."

"असं?" त्याचा चेहरा जरा उतरला. त्यानं कागद नीट जुळवले. "मग पहिल्यापासून लावू?"

"लावा," ती म्हणाली आणि कोट न काढताच खुर्चीवर बसली.