चिंगीचे सहा अंक

चिंगीला कुणी मारलं असं सायखेड्यात विचाराल, तर सगळे मल्हारीकडे बोट दाखवतील. मल्हारी माझा मेहुणा. घोडी त्याची, चाबूक त्याचा, त्यामुळे लोकांचं काही चुकत नाही. पण ज्या अंकापायी ती मेली, तो मी काढला होता.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात मी एकतीस वर्षं मीटर तपासले. काटा केसभर सरकला तरी माझं डोकं फिरायचं. निवृत्तीनंतर हा किडा टांग्यांच्या शर्यतींत शिरला. अमुक घोडा चारशे मीटर इतक्या सेकंदांत पळाला, एवढ्यानं काही कळत नाही. रान भुसभुशीत होतं का, वारा समोरून होता का, टांगा किती जड होता, हे सगळं धरून मी प्रत्येक धावेला शंभरातून अंक द्यायचो. सेकंदाचा पाचवा हिस्सा म्हणजे एक अंक. गावोगावचे टांगेवाले फोन करायचे, "दाजी, आपला घोडा कितीवर हाय?" मल्हारीमुळे मी साऱ्या तालुक्याचा दाजी झालो होतो आणि ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू!

गेल्या हिवाळ्यात मला मोतीबिंदू झाला. सरावाच्या वेळी मी शेवटच्या रेषेवर स्टॉपवॉच घेऊन उभा असायचो. सुरुवातीच्या रेषेवर वाल्मीक, मल्हारीचा शेजारी, निशाण खाली पाडायचा आणि त्याच क्षणी शिट्टी मारायचा. निशाण पडताना दिसलं की बटण दाबायचं, हा नियम माझाच. आता निशाण दिसेना. मी शिट्टीवर बटण दाबू लागलो आणि कुणाला सांगितलं नाही. ज्याच्या नजरेवर सगळे विसंबून, त्यानं दिसत नाही म्हणून कबूल कसं करायचं? चारशे मीटरवरून आवाज यायला सव्वा सेकंद लागतो, हे काही मला नवीन नव्हतं. तरी तेव्हा डोक्यात आलं नाही. घड्याळ सव्वा सेकंद उशिरा सुरू होई आणि चिंगीच्या खऱ्या शहाऐंशी अंकांचे ब्याण्णव होत.

ब्याण्णव ऐकून मल्हारी नाचायचाच बाकी राहिला. त्याच्या बायकोनं, मालनबाईनं, चिंगीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. मग शर्यती सुरू झाल्या. तिथं वेळ यंत्र घेतं, दोन्ही रेषांवर सेन्सर लावलेले. यंत्राच्या वेळेवरून चिंगीचे अंक आले शहाऐंशी. पुढच्या मैदानातही शहाऐंशी. तिसऱ्यातही तेच.

"दाजी, यंत्र खोटं का तुमचं घड्याळ?" मल्हारीनं विचारलं.

मला राग आला. घरी, नाशिक रोडला येऊन मी स्टॉपवॉच मोबाईलशी तासभर ताडून पाहिलं. फरक शून्य. मी घड्याळ तपासलं, बटण दाबणारा माणूस तपासायचं मात्र सुचलं नाही.

"यंत्र चोख आहे आणि घड्याळही चोख आहे," मी त्याला फोनवर ठणकावलं.

"मंग घोडीच लबाड हे. घरी पळती आन् मैदानात अंग चोरती."

तेव्हा मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, "तसंच दिसतंय."

मल्हारीनं हिशेब मांडला. ही मैदानात सहा अंक चोरते ना, मग घरी अठ्ठ्याण्णव आले की मैदानात ब्याण्णव येतील. मैदानात चाबकाला बंदी होती, म्हणून त्यानं तो सरावात काढला. एप्रिलच्या उन्हात तो तिला एका सकाळी पाच-पाच वेळा पळवी. त्र्याण्णव आले, चौऱ्याण्णव आले. तिच्या पाठीवरचे वळ मला दिसत होते. तेवढं दिसायला मोतीबिंदू आड आला नाही. मी अंक सांगत राहिलो.

एका रविवारी ती रेषा ओलांडून माझ्यापासून पाच पावलांवर कोसळली. नाकातून रक्त आलं. लाज वाटते सांगायला, पण मी आधी घड्याळ पाहिलं. पंच्याण्णव होत होते.

मल्हारी रडला नाही. मालनबाई रडायला लागली तर तिच्यावर खेकसला, "लबाड जनावरापायी रडू नको."

मे महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. बरा झाल्यावर सायखेड्याला गेलो आणि सकाळी गोदावरीकाठी फिरत होतो. समोरच्या काठावर एक बाई कपडे धूत होती. तिनं कपडा दगडावर आपटलेला स्वच्छ दिसला आणि आवाज क्षणभरानं आला. शिट्टी, बटण, सहा अंक, सगळं एकदम लक्षात आलं.

मल्हारीच्या घरी परत आलो तेव्हा तो ओट्यावर फोनमध्ये घोड्यांचे फोटो बघत होता. "दाजी, दुसरी घोडी घ्यायचं म्हणतोय. या बारीला लबाड नको. अंक तुम्हीच काढा."

गप्प बसलो असतो तर कुणाला कधी कळलं नसतं. मला ते सहन होईना. मी सगळं सांगितलं.

त्यानं फोन ओट्यावर पालथा ठेवला. "म्हंजी मैदानात चोरत नव्हती?"

"नाही. घरीही तेवढीच पळत होती. दर वेळी जीव तोडून."

"आन् त्या दिवशी?"

"खरे एकोणनव्वद होते, मल्हारी. तेवढे तिच्या अंगात नव्हतेच."

मला वाटलं, तो माझ्या अंगावर येईल. यायलाच हवा होता. आत मालनबाईचा भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता.

"तुम्ही मला हे सांगायला नको होतं, दाजी," तो म्हणाला. "ती लबाड होती तवर मला झोप लागत होती."