पायघोळ फ्रॉक

मॉलमधल्या सरकत्या जिन्यापाशी उभं राहायची माझी नोकरी. पट्टा धरा, पिवळ्या रेघेच्या आत राहा, पायातला घोळ उचला, दिवसभर हेच. माझी जाऊ घरीच, वरच्या मजल्यावर कपडे शिवते. आणि माझी लेक तिच्यावर जीव टाकते. शाळेतून आली की आधी विचारणार, "काकू कुठंय?" मी आपली डबे भरायला. जळफळाट होतो माझा, खोटं कशाला बोलू?

वाढदिवसाला जावेने तिला पायघोळ फ्रॉक शिवला. पोरगी तो अंगातून काढेना. सुट्टीच्या दिवशी तिघी मॉलमध्ये गेलो, तर जिन्याच्या तोंडाशीच जाऊ खाली वाकली.

"ताई, थांबा. वाढत्या अंगाचा शिवलाय, घोळ लोळतोय. पिन लावून वर घेते."

हेच मी जगाला सांगत असते. पण तिच्या तोंडून ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

"माझी लेक आहे. जिना मला नको शिकवूस," मी म्हणाले आणि पोरीला ओढून पायरीवर चढवलं. जाऊ पिन स्वतःच्या कॉलरला खोचून मागून आली.

अर्ध्यावर पोचलो तेवढ्यात फ्रॉकची कड पायरीच्या बाजूच्या फटीत गेली.

"आई, मला कोण ओढतंय?"

मी तिला कवटाळून वर खेचत होते आणि कापड तिला खाली खेचत होतं. रोज माझ्या हाताशी असणारं, जिना थांबवायचं लाल बटण नेमकं खाली राहिलं होतं. "बटण दाबा, कुणीतरी बटण दाबा," मी ओरडत राहिले. जावेने कमरेच्या शिवणीत बोटं घातली आणि टर्रकन घेर फाडून वेगळा केला. पुढे उसवायला सोपं जावं म्हणून ती शिवण तिनेच कच्ची ठेवली होती. मग कुठे खाली कुणीतरी बटण दाबलं आणि जिना थांबला.

लेकीला खरचटलंसुद्धा नाही. माझ्या मांडीवर बसून हुंदके देत होती, पण बोट काकूचं धरलेलं. जाऊ मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

"काकू दुसरा शिवेल ना?" लेकीने मला विचारलं.

"शिवेल." माझा जळफळाट अजून तसाच होता. "पण पिन मी लावणार."

जावेने कॉलरची पिन काढली आणि माझ्या हातावर ठेवली.